काढणीच्या तोंडावर द्राक्षबागेत पाखरं, वटवाघळं आणि कोल्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: नारायणगावजवळ तीन एकर बाग. त्यात दोन एकर काळी जम्बो (काळा वाण) मांडवावर, म्हणजे डोक्यावरच्या तारांच्या छतावर, आणि एक एकर थॉमसन (हिरवा वाण) वाय पद्धतीवर, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या आधारांच्या ओळींवर. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला ओढा. काढणीला वीसेक दिवस उरलेत. सकाळी वेलीखाली अर्धवट खाल्लेले मणी पडलेले असतात, आणि रात्रीतून खालचे घड ओढून तोडलेले दिसतात. आता जाळी टाकून उपयोग आहे का, राखण ठेवायची तर कशी, आणि शेजारी सांगतात तसा कडेच्या तारेत करंट सोडावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात माणसाचा जीव आहे. लाइनचा करंट तारेत सोडायचा नाही. एका रात्रीपुरताही नाही. काढणीच्या दिवसांत पहाटे मजूर बागेत शिरतात, ठिबकच्या गळतीनं जमीन ओली असते, आणि मांडव म्हणजे एकाला एक जोडलेलं लोखंड. कडेची तार कुठे मांडवाच्या अँगलला टेकली तर सगळ्या बागेत करंट फिरतो. शिवाय माणूस किंवा जनावर दगावलं तर वीज कायदा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि फौजदारी गुन्हा हे तिन्ही एकदम लागतात. विषाचं आमिष आणि फासे यांनाही वन्यजीव कायदा लागतोच. वटवाघूळ आणि कावळा पूर्वी कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून धरलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली, तेव्हा ‘वटवाघूळ मारलं तर चालतं’ ही जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी.

आता खरं काम. बागेत कोण येतंय हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. सकाळी सातच्या आत, मजूर यायच्या आधी, बागेची कड चालून या आणि घड हातात घेऊन बघा.

पोपटाचं काम नासधुशीचं असतं. तो मणी देठापासून तोडतो, चोचीनं अर्धा चावतो आणि टाकून देतो. खाली पडलेल्या मण्याला कोरीव, अर्धचंद्रासारखा कापलेला काठ असतो. कधी घडाची पाकळीच (बाजूचा फाटा) कापून खाली पाडलेली दिसते. बुलबुल आणि साळुंकी यांचं वेगळं: मणी घडावरच राहतो, सालीला तिरपी चीर किंवा भोक पडलेलं असतं, आणि रस ओघळून खालच्या चार मण्यांवर चिकटलेला असतो. भोरड्यांचा थवा आला तर नुकसान एका कोपऱ्यात, एका तासात आणि भरपूर होतं. या हिवाळी पाहुण्या असतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात, त्यामुळे त्यांचा मुक्काम नेमका आपल्या काढणीवर येतो.

वटवाघूळ मणी तोडून दूर नेतं. म्हणून वेलीखाली फारसं काही सापडत नाही, पण ओढ्याकाठच्या उंबराखाली, आंब्याखाली चोखून दाबलेल्या चोथ्याच्या चपट्या गोळ्या आणि पानांवर ओघळलेली पातळ विष्ठा दिसते. उदमांजर वरून येतं. ते अँगलवर चढतं, आणि त्याची साली-बियांनी भरलेली विष्ठा दगडावर, बांधावर, उघड्या जागी सापडते. कोल्हा जमिनीवरून तोंड पोचेल तेवढंच खातो: साधारण तीन फुटांपर्यंतचे घड, तेही ओढून अर्धे तोडलेले. कुत्र्यासारखे पण जरा लहान, लांबट पाऊलठसे ओल्या मातीत मिळतात. रानडुकरानं जमीन उकरलेली असते, ठिबकची नळी फाटलेली असते आणि खांबाला चिखल घासलेला असतो. तुमच्या वर्णनावरून दिवसा पोपट आणि रात्री कोल्हा वाटतो, पण ओढा जवळ आहे, तेव्हा वटवाघळाचा चोथाही शोधाच.

मधमाश्या घडावर बसलेल्या दिसल्या की लोक त्यांना दोष देतात. मधमाशीला धड मण्याची साल फोडता येत नाही. ती आधीच फुटलेल्या मण्यातला रस पिते. गांधीलमाशी मात्र साल फोडू शकते. मधमाश्या वाढल्या याचा अर्थ बागेत फुटलेले मणी वाढलेत, आणि उपाय तिथे करायचा.

या वीस दिवसांत पूर्ण बागेवर जाळी टाकणं जमेल असं मला वाटत नाही, आणि टाकलीच तर घाईत ढिली पडेल. जाळीची खरी वेळ मण्यात पाणी उतरायला लागतं तेव्हाची. मणी मऊ पडू लागले की पाखरू चव घेऊन जातं, आणि एकदा त्याला रोजची वाट पडली की हाकलणं दुप्पट अवघड होतं. काळ्या वाणावर हे आणखी लवकर होतं, कारण रंग लांबूनच दिसतो. पण बाजूची जाळी अजूनही करण्यासारखी आहे. मांडवात घड पानांच्या छताखाली लोंबतात. छत दाट असेल तर पाखरं मुख्यतः कडेनं आत शिरतात आणि पहिल्या तीन-चार ओळींतच राहतात. दोन एकर सलग आणि साधारण चौकोनी असेल तर परीघ सुमारे ३६० मीटर. मांडवाची उंची ७ फूट, खाली जमिनीवर १ फूट, म्हणजे २.४ मीटरची पट्टी: जवळपास ८७० चौरस मीटर जाळी. दोन-तीन माणसांचं एक-दोन दिवसांचं काम. छताला जिथे खिंडारं पडली असतील, वेली मेलेल्या असतील, तिथे वरून जाळीचा तुकडा टाकून चारी बाजूंनी बांधा. पोपट नेमका अशा जागेतून उतरतो.

जाळी कोणती घ्यावी, यावर जरा थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकतं. बाजारात स्वस्त मिळते ती मासे पकडायच्या जाळीसारखी, एकेरी पारदर्शक नायलॉन धाग्याची. ती घेऊ नका. पाखराला ती दिसत नाही, त्यामुळे ते अडकतं, पंख कापले जातात, आणि धामण अडकली तर तोच धागा तिच्या अंगात रुततो. धामण बागेतले उंदीर खाते, तिला मारून आपण ठिबकच्या नळ्या उंदरांच्या तोंडी देतो. विणलेली, पांढरी, उन्हाला टिकणारी एचडीपीई जाळी घ्या. पोपट-साळुंकीसाठी १५ ते २० मिलिमीटर छिद्र पुरेसं आहे. वटवाघळं खरोखर जास्त असतील तर त्याहून बारीक, बोट आत न जाणारी जाळी लागते, कारण बोट जातं तिथे वटवाघळाचा पंख अडकतो. जाळी ताठ हवी. हातानं ढकलून सोडली की ती परत जागेवर आली पाहिजे. पांढरी जाळी पाखरांना लांबून दिसते, ती तिथूनच वळतात.

हिरवी शेडनेट वर टाकायचा मोह होतो. टाकू नका. सावलीनं साखर उतरायला वेळ लागतो, काळ्या वाणाचा रंग अडखळतो, आणि हवा कोंडून भुरी (पांढरी बुरशी) येते. बाजूनं जुन्या साड्या लावण्याची आपल्याकडे रीत आहे. पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूला एक पदर चालतो, चारी बाजूंनी नाही, कारण वारा बंद झाला की सकाळचं दव दहा वाजेपर्यंत घडावर बसून राहतं.

वाय पद्धतीच्या एकराला वेगळा हिशेब लागतो. ओळीत ९ फूट अंतर धरलं तर एकरात साधारण १,४७० मीटर ओळ होते. दोन्ही अंगांना सव्वा मीटर रुंदीच्या पट्ट्या म्हणजे सुमारे ३,७०० चौरस मीटर. पट्टी बाहेरच्या तारेला दर दोन फुटांवर क्लिपनं अडकवायची, खाली सोडायची आणि ओलांड्याखाली (वेलीच्या आडव्या फांदीखाली) दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. जाळी घडाला टेकता कामा नये. टेकली की बुलबुल बाहेर बसून छिद्रातून मणी फोडतं आणि जाळी असूनसुद्धा नुकसान का होतंय ते कळत नाही. किमान चार बोटं अंतर ठेवा. यंदा सगळ्या एकराला जमणार नसेल तर ओढ्याकडच्या चार ओळी करा.

थॉमसनच्या घडांना कागद गुंडाळायची पद्धत बरेच जण पिंक बेरी (हिरवे मणी गुलाबी पडणं) टाळायला वापरतात, त्याचा पाखरांवरही उपयोग होतो. बुलबुल कागदाआड जात नाही, पोपट मात्र फाडतो. एकरी २५-३० हजार घड असतात हे लक्षात घेऊन मजुरांचा हिशेब करा. निर्यातीचा माल असेल तर शाईचा वर्तमानपत्री कागद नको, कोरा घ्या. अवकाळीचा शिडकावा झाला तर ओला कागद दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, आत मणी सडतात. जम्बोला रंग पूर्ण भरायच्या आधी कागद लावू नये.

आता राखण. पाखरांच्या दोन पाळ्या असतात: उजाडल्यापासून दहापर्यंत आणि चारपासून मावळेपर्यंत. दुपारी माणूस ठेवून पैसे घालवण्यापेक्षा या दोन वेळांना दोन माणसं फिरती ठेवा, एक ओढ्याकडच्या कडेला, एक उसाच्या कडेला. बसलेला राखणदार उपयोगाचा नाही. थवा उतरायच्या आधी टेहळणीला दोन-तीन पोपट येऊन जवळच्या विजेच्या तारेवर किंवा वाळक्या फांदीवर बसतात. तेव्हाच हाकललं तर थवा येत नाही. थवा बागेत शिरल्यावर तो या ओळीतून त्या ओळीत फक्त सरकतो. बागेला लागून असलेल्या झाडांच्या वाळक्या फांद्या काढून टाका. झाड मात्र तोडू नका. उंबर तोडला तर त्यावर पोट भरणारी पाखरं आणि वटवाघळं बागेकडेच वळतील.

गोफण अजूनही सगळ्यात चांगलं हत्यार आहे, आणि त्यात दगड घालायची गरज नाही. नुसत्या फटक्याचा आवाज पुरतो. पीव्हीसी पाइपची कार्बाइड बंदूक वापरू नका. ती न पेटल्यावर माणूस नळीत डोकावतो आणि तेवढ्यात ती उडते, त्यात डोळे गेल्याच्या घटना घडल्या आहेत. चमकी पट्टी स्वस्त आहे आणि काही दिवस काम करते. ती छतावर एक फूट उंच, चार-पाच मीटर अंतरानं, मीटरमागे दोन-तीन पीळ देऊन ताणून बांधा. पीळ दिला तरच वाऱ्यात ती गुणगुणते. सरळ बांधलेली पट्टी नुसती चमकते. बुजगावणं, पट्टी, घारीचा पतंग, पोपटाच्या भेदरल्या आवाजाचा स्पीकर, यातलं काहीही एका जागी आठवडाभर ठेवलं की पाखरं त्याला सरावतात. म्हणून दर तीन दिवसांनी जागा बदला आणि एका वेळी एकच वापरा. सगळं एकदम लावलं तर पुढच्या आठवड्याला हातात काही उरत नाही.

रात्रीच्या बाजूला कोल्हा आणि रानडुक्कर यांच्यावर सौर झटका कुंपण हाच टिकाऊ उपाय. यात लाइनचा करंट नसतो. यंत्र साधारण सेकंदाला एक अगदी क्षणिक झटका देतं, जनावर दचकून मागे फिरतं. यंत्र आयएसआय प्रमाणित घ्या, घरी जोडलेलं नको. तारा जमिनीपासून १५, ३०, ५० आणि ७५ सेंटिमीटरवर घ्या. सर्वांत खालची तार कोल्ह्यासाठी आहे, ती वर गेली की तो खालून सरपटतो. खालचं गवत आठवड्याला काढा, पान टेकलं की झटका जमिनीत उतरतो.

सगळ्यात जास्त तक्रार ‘यंत्र चालू आहे, पण जनावर जुमानत नाही’ अशी असते, आणि दहापैकी आठ वेळा दोष अर्थिंगचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुरमाड जमीन कोरडी ठणठणीत होते, आणि झटक्याला परत यायला वाट राहत नाही. सहा फुटी तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोका, एकमेकींना जोडा, भोवती कोळसा-मीठ घाला आणि ठिबकचा एक ड्रिपर त्यांच्यावर सोडा. तरीही झटका कमी वाटला तर एक आड एक तार अर्थिंगला जोडा, म्हणजे जनावर दोन तारांना एकदम टेकलं की झटका जमिनीवर अवलंबून राहत नाही. कुंपण मांडवाच्या ताणांपासून (कडेच्या ओढतारांपासून) किमान दोन-तीन फूट लांब हवं आणि दर पन्नास पावलांवर पाटी हवी. तेवढंही यंदा होणार नसेल तर खालचे, तीन फुटांच्या आतले घड आधी उतरवून टाका. कोल्ह्याचं ताट काढून घेतल्यासारखं होतं, तो दोन-चार रात्रींत वाट बदलतो.

वानरांची टोळी येत असेल तर जाळी त्यांच्यापुढे टिकत नाही, ती फाडून आत येतात. तिथे माणूस आणि पहिल्या दिवसापासूनची सक्त राखण हाच उपाय. एकदा पोटभर खाऊन गेली की ती रोज त्याच वेळी येतात.

वटवाघळांसाठी दिवे लावून ठेवतात. पहिले चार-पाच दिवस फरक पडतो, मग नाही. जाळी नसेल तर काढणी लवकर हाच इलाज. वटवाघळानं चावलेला मणी कुणी तोंडात टाकू नये आणि तो घड उघड्या हातानं निवडू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूचा माग सापडला होता, मार्च २०२० च्या नमुन्यांत. घाबरायचं कारण नाही, पण हातमोजे घालायला काही लागत नाही.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात रात्रीच्या राखणीबद्दल वेगळं सांगायलाच हवं. तुमच्या एका बाजूला ऊस आहे, म्हणजे बिबट्या गृहीत धरा. तो द्राक्षं खात नाही, पण कोल्हा, कुत्रा, डुक्कर यांच्या मागे बागेत येतो. राखणदारानं मांडवाखाली उघड्यावर झोपायचं नाही. एकट्यानं जायचं नाही. बिबट्या वाकलेल्या, बसलेल्या माणसाला लहान जनावर समजतो, म्हणून अंधारात वाकून घड तपासणं, शौचाला बसणं, ठिबकची नळी जोडत बसणं टाळा. राखणीचा माळा उंच आणि चारी बाजूंनी बंद हवा. मोबाइलवर गाणी चालू ठेवा, बॅटरी जोरदार हवी. सोबतीला कुत्रा बांधू नका, तो राखण करत नाही, बिबट्याला बोलावतो. पहाटे काढणीला येणाऱ्या बायांनी पोरांना बरोबर आणू नये, आणि पूर्ण उजाडल्याशिवाय उसाच्या कडेच्या ओळीत कात्री चालवू नये. बिबट्या दिसला, किंवा जाळीत साप, पाखरू, काहीही अडकलं, तर वनविभागाचा १९२६ हा नंबर लावा. स्वतः ओढून काढू नका. आणि जाळी लावली की सकाळ-संध्याकाळ एक फेरी जाळीसाठीच मारा.

घडावर काही फवारू नका. लसूण, मिरची, गोमूत्र, अंडी, फिनेल असे बरेच सल्ले मिळतात. मण्यावरची पांढरी लव हीच मालाची शान, ती एका फवाऱ्यात जाते आणि वास राहतो तो वेगळाच. कीटकनाशकाचं तर नावच नको: काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर) मोडला की औषधाच्या अंश तपासणीत माल नापास होतो, आणि मग पाखरांनी खाल्लं त्याच्या कित्येक पट नुकसान आपणच केलेलं असतं.

रोज संध्याकाळी विरळणीची कात्री घेऊन फुटलेले मणी काढा, खाली पडलेले गोळा करा आणि बागेबाहेर दीड फूट खोल पुरा. चुकवायला सोपं आणि चुकवलं तर महागात पडणारं काम हेच. ओघळलेल्या रसावर चिलटं येतात, मग आंबट कूज, आणि तीन मण्यांचा घाव चार दिवसांत अख्खा घड घेऊन जातो. काढणीचा क्रमही बदला. ओढ्याकडच्या कडेच्या ओळींत साखर उतरली की व्यापाऱ्याशी बोलून त्या आधी उतरवा. भरलेले क्रेट झाकून ठेवा.

भरपाईबद्दल: रानडुक्कर, हरीण, माकड यांनी केलेल्या नुकसानीला वनविभागाची मदत आहे, पाखरांच्या नुकसानीवर मात्र भरवसा ठेवू नका. साफसफाई करण्याआधी तारखेसह फोटो काढा, सातबारा जोडून त्याच दिवशी वनरक्षकाकडे अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत तो कोपरा तसाच राहू द्या.

पुढच्या हंगामात पूर्ण जाळी घ्यायची का, हे यंदाच ठरवता येईल. काढणीच्या दिवशी कडेचे ५० आणि मधले ५० घड मोजा, किती घडांत फुटलेले मणी आहेत आणि घडामागे अंदाजे किती वजन गेलं ते लिहा. एकरी १० टन मालात ३ टक्के गेले तर ३०० किलो. त्याला यंदाच्या भावानं गुणा, घड साफ करायची मजुरी मिळवा, आणि जाळी-खांबांचा खर्च पाच वर्षांत वाटून शेजारी लिहा. कडेला नुकसान जास्त आणि मधे नगण्य असेल तर बाजूची जाळीच पुरे. मधेही तेवढंच असेल तर वरून टाकावी लागेल: दोन सलग एकरांना वरची ८,४०० आणि बाजूची साधारण १,०८० चौरस मीटर. त्यासाठी मांडवाच्या वर अडीच फूट पाइपची उंची, त्यावर जीआय तार, प्रत्येक पाइपच्या तोंडावर कापलेली प्लास्टिकची बाटली म्हणजे जाळी फाटत नाही, दोन पट्ट्यांची एक फूट चढ देऊन शिवण, आणि ट्रॅक्टरसाठी दहा फुटी, एकमेकांवर तीन फूट येणारे पडदे. हे खांब गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) आधी उभे करा, नंतर फुटवे मोडतात.

यंदाची जाळी उतरवताना ओढू नका. काड्या अडकून भोकं पडतात. दोन माणसांनी धरून गुंडाळा, पूर्ण वाळवा आणि छपराला उंच टांगा. जमिनीवर ठेवलेली जाळी पावसाळ्यात उंदीर कुरतडतात, आणि ते भोक जानेवारीत पोपटालाच आधी सापडतं.